चिठ्ठी झटकायची सवय

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवार होता, म्हणजे ओपीडीला मरणाची गर्दी, आणि मी बिलिंगच्या खिडकीत नेहमीसारखा बसलेलो. प्रिंटरमधून बिल आलं, डाव्या तळहाताने कागद दाबला, उजव्याने आडवा ओढून फाडला, एकदा झटकला आणि खिडकीतून पुढे केला. पलीकडे एक सत्तरीचा माणूस, अंगात धुवून धुवून रंग गेलेला चौकड्यांचा शर्ट, एका डोळ्याला हिरवी पट्टी. त्याने बिल घेतलंच नाही. नुसता माझ्या हाताकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तूं सुर्लच्या काट्यार आसलो न्हय?" मी चपापलो. काटा म्हणजे गोव्यातल्या खाणींच्या मातीचे, म्हणजे लोहखनिजाचे, ट्रक तोलायचा वजनकाटा. तो सोडून मला बारा वर्षं होऊन गेलीत, केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, वर तोंडाला मास्क. कसं ओळखलं विचारलं तर त्याने हवेतच हात झटकून दाखवला आणि हसला. "हांगा धुल्ल खंय आसा रे?" इथे धूळ कुठे आहे रे?

मागच्या बाईने "बाबा, सरका की पुढे" म्हटलं आणि तो गेला. मी पुढचं बिल काढलं, फाडलं, झटकलं. मग त्याच्या पुढचं. दुपारपर्यंत मी स्वतःलाच बघत होतो. दर बिलाला झटका. एसी लावलेल्या, दिवसातून तीनदा फिनाईलने पुसल्या जाणाऱ्या हॉलमध्ये बसून मी दहा-अकरा वर्षं कागदावरची माती झाडतोय आणि हे मला कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं, बायकोनेसुद्धा नाही. (तिला संध्याकाळी विचारलं तर म्हणे, "तू लाईटचं बिलसुद्धा झटकतोस, मला वाटलं ती तुमच्या घरातली पद्धत असेल.")

ज्यांनी खाणींचे ते दिवस बघितलेत त्यांना काटा काय ते सांगायला नको. तरी माझ्या काट्याबद्दल थोडं सांगतो. पाळी, वेळगे, सुर्ल हा रस्ता, आणि जेटीच्या अलीकडे पत्र्याची एक केबिन, खिडकीला काच होती पण ती लाल झालेली, तिच्यातून सकाळचं ऊनसुद्धा संध्याकाळसारखं दिसायचं. खिडकीसमोर लोखंडी प्लॅटफॉर्म, त्यावर भरलेला ट्रक चढला की केबिनची फरशी पायाखाली हलायची, मशीनवर आकडे धावायचे आणि थांबायचे. ग्रॉस म्हणजे भरलेल्या ट्रकचं वजन, टेअर म्हणजे रिकाम्याचं, आणि ग्रॉस वजा टेअर म्हणजे नेट, नुसत्या मातीचं. तीन रंगांची चिठ्ठी, पांढरी ऑफिसला, गुलाबी ड्रायव्हरला, पिवळी जेटीवर. एका ट्रकला चाळीस सेकंद, त्याहून जास्त लागले तर मागून हॉर्न. सीझन तापला की दिवसाला चारशे-साडेचारशे ट्रिपा मोजायच्या. चिठ्ठी प्रिंटरमधून बाहेर येईस्तोवर तिच्यावर मातीचा थर बसलेला असायचा, आकडाच दिसायचा नाही, म्हणून झटका. ऑक्टोबर ते मे हे असं, आणि पावसाळा लागला की सगळं चिडीचूप. १९९९च्या ऑक्टोबरात मी तिथे चिकटलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बीकॉम अर्धवट. बाबांच्या ओळखीने लागलो, ओळखीशिवाय तेव्हाही काही होत नव्हतं.

मला कामाला लावलेले हेडक्लार्क होते, त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, चेहरा बघू नको, टायर बघ. ट्रकवाल्याला पैसे टनावर. म्हणजे भरलेला ट्रक जड दिसला पाहिजे आणि रिकामा हलका. मग काय काय चालायचं! ग्रॉसच्या वेळी केबिनमध्ये दोन भाचे बसवून आणायचे, टेअर घ्यायच्या दिवशी स्टेपनी घरी काढून ठेवायची, डिझेलची टाकी तळाला आणायची. चेहऱ्यावर सगळे साधुसंत. पण मागच्या टायरचं पोट किती सुटलंय ते बघितलं की वजन मशीनच्या आधी कळायचं. दोन-तीन सीझननंतर मला शंभर-दीडशे किलोच्या फरकाने अंदाज यायला लागला होता आणि आम्ही चहाच्या पैजा लावायचो.

पण मला खरा अभिमान होता तो मुठीचा. फाइन्स म्हणजे भुकटी माती, ती मुठीत घेऊन घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा लगेच विस्कटला तर कोरडी, जरा धरून राहिला तर आठेक टक्के पाणी, तळहाताला ओल लागली तर दहाच्या वर, मग लॅबवाल्याला हाक मारायची. पाण्याचा विषय साधा नव्हे. भुकटी माती ओली असली तर जहाज हलून हलून पोटातल्या पोटात तिचा चिखल होतो आणि तो एका बाजूला कलंडला की जहाजही कलंडतं. २००९च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' नावाचं जहाज असंच फाइन्ससकट बुडालं, तेव्हा आमच्या केबिनमध्ये आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. लॅबचा रिपोर्ट यायचा दुसऱ्या दिवशी. माझा अंदाज आणि रिपोर्ट, अर्ध्या-एका टक्क्याचा फरक. लॅबमधला केमिस्ट मला 'मशीन' म्हणायचा. आयुष्यात कोणी इतकं कौतुक केलेलं नाही.

आणि हेही सांगतो, ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. आमच्या घरी आई कपडे आतल्या खोलीत वाळत घालायची, बाहेर घातले तर पांढरी साडी संध्याकाळी भगवी. शाळेत जाणारी पोरं नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटून चालायची. विहिरी आटल्या. बायकांनी एकदा रस्ता अडवला तेव्हा त्यातल्या दोघी माझ्या केबिनच्या खिडकीशी आल्या आणि त्यातली एक माझ्या वर्गमित्राची आई, मला म्हणाली, "तू मोजतोस ना, मग आमच्या छातीत किती गेली तेही मोज." मी चिठ्ठी झटकत राहिलो. काय बोलणार? २०१०-११ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर माती गेली, त्यातली कितीतरी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी फक्त वजन लिहिलं.

२०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणकाम बंद केलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. तेरावा सीझन संपला होता, चौदावा लागलाच नाही.

पुढचे दीड-पावणेदोन वर्षं भरभर सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. काही महिने अर्धा पगार, मग तोही गेला. मेव्हण्याच्या दुकानात बसलो, त्याचं आणि माझं जमलं नाही. कळंगुटला एका हॉटेलात नाईट ऑडिट केलं, तीन महिन्यांत झोप आणि पित्त दोन्ही बिघडलं. मग २०१४च्या जूनमध्ये म्हापशातल्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅशियर हवाय म्हणून कळलं. इंटरव्ह्यू घेणारा माझ्यापेक्षा लहान. फॉर्मवर 'रिलेव्हंट एक्स्पीरियन्स' असा रकाना होता. मी म्हटलं, "मायनिंगमध्ये होतो, काट्यावर, तेरा वर्षं." त्याने दोन सेकंद विचार केला आणि रकान्यात शून्य लिहिलं. मला वाईट वाटलं नाही, हे आता विचित्र वाटतं. मला ते बरोबरच वाटलं. मातीचं वजन करणाऱ्याला दवाखान्यातलं काय येणार? शून्यच. अठरा हजारांवरून साडेसात हजारांवर आलो आणि वर थँक्यू सर म्हटलं.

पहिला आठवडा तर शून्याच्याही खाली गेला. काट्यावर दिवसभर इंजिनांच्या आवाजावर आवाज चढवायचा, नंबर ओरडून सांगायचा, ते माझ्या गळ्यात बसलेलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका बाबांचा डिस्चार्ज होता, त्यांचा मुलगा लांब पाण्याच्या कूलरजवळ उभा, मी खिडकीतून सरळ हाळी दिली, "बत्तीस हजार बाकी आहेत तुमचे!" अख्खा हॉल वळला. तो मुलगा जागच्या जागी एवढासा झाला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "हो, आणतोय." घरी जाताना अस्नोड्यापर्यंत मी स्कूटर चालवत होतो की ढकलत होतो कळत नव्हतं. नंतर गावच्या जत्रेतल्या नाटकात मी प्रॉम्प्टिंग करायचो तो आवाज शोधून काढला, विंगेतला, फक्त ज्याला ऐकू जायला पाहिजे त्यालाच जाणारा. तोच आता खिडकीत चालतो. म्हणजे पगारी नोकरीतला आवाज कुचकामी ठरला आणि जत्रेतला फुकटचा कामी आला.

मग एक दिवस सर्व्हर बसला. तेव्हा गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड नवीन होतं, २०१६-१७चा सुमार, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, अशी योजना, आणि तिच्या मंजुऱ्या सगळ्या ऑनलाईन. पोर्टल बंद म्हणजे ॲडमिशन अडकलेलं, डिस्चार्ज अडकलेला. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. बाकीच्या खिडक्यांत सगळे स्क्रीनकडे बघत बसलेले, वर बघितलं तर लोक विचारतील म्हणून. मी उठलो आणि दार उघडून बाहेर हॉलमध्ये गेलो. ठरवून नव्हे, पाय गेले. काट्यावर पहिल्या पावसात प्लॅटफॉर्मखाली पाणी शिरलं की मशीन मरायचं आणि ट्रकची लाईन वेळग्याच्या दिशेने किलोमीटरभर, त्यात दारू प्यायलेले, हप्ता थकलेले, भांडायला कारणच शोधणारे. केबिनमध्ये बसून राहिलं तर दगड यायचा, एकदा आलाही होता. म्हणून आम्ही लाईनीतून चालत जायचो आणि दर दहा ट्रकांमागे एकाला खरं काय ते सांगायचो, मशीन बंद आहे, माणूस येतोय, पाऊण तास. खरा अर्धा तास वाटला तर पाऊण सांगायचा. पाऊण तास म्हटलं की ड्रायव्हर इंजिन बंद करून टायरच्या सावलीत झोपायचा. "बघतो, करतो" म्हटलं की हॉर्न वाजवत राहायचा. तेच मी इथे केलं. ज्यांना औषधांसाठीच थांबायचं होतं त्यांना वेगळं काढलं, ज्यांची बस होती त्यांना नंबर देऊन उद्या यायला सांगितलं, बाकीच्यांना म्हटलं एक तास, खाली कँटीनला चहा घेऊन या, तुमचा नंबर जाणार नाही, मी लिहून ठेवलाय. चाळीस मिनिटांत पोर्टल आलं. मॅनेजरने संध्याकाळी बोलावून सीट सोडल्याबद्दल झापलं. दोन महिन्यांनी त्यानेच नियम काढला, सर्व्हर डाऊन असेल तर एकाने बाहेर जावं.

टायरही आले माझ्याबरोबर, फक्त इथे चपला असतात. पैसे भरायला आलेला माणूस तोंडाने काहीही सांगतो, तोंड ही फसवी वस्तू. पण रात्री अडीचला एक बाई आलेली, नीट साडी, नीट बोलणं, डिपॉझिट भरते म्हणाली, आणि खाली बघितलं तर एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात पुरुषाची, मोठी, मागून टाच बाहेर. हिने घरातून निघताना पायाखाली बघितलेलं नाही. हिच्या पर्समध्ये काय असेल ते असेल, हिला आत्ता आकडा सांगून उपयोग नाही. मी म्हटलं, "ताई, सही करा फक्त, पैशांचं सकाळी बघू." नियमात बसत नव्हतं. सकाळी सहाला तिचा दीर पूर्ण रक्कम घेऊन आला. नेहमी असं होतं असं नाही, दोनदा मी फसलोय आणि एकदा माझ्या पगारातून कापलेत. स्टेपनी काढून आणणारे इथेही येतात.

म्हणजे काय काय आलं आणि काय राहिलं याचा हिशेब मी गेला महिनाभर करतोय. त्याला कारण ते हिरव्या पट्टीवाले दादा, आणि दुसरं कारण, त्याच आठवड्यात एचआरच्या मुलीने मला नवीन जॉइन झालेल्या पोरांसमोर बोलायला उभं केलं. तिच्याकडे स्लाइड होती, 'ट्रान्स्फरेबल स्किल्स', खाली कम्युनिकेशन, टीमवर्क, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग आणि हसऱ्या माणसांचा फोटो. मुलगी चांगली आहे, तिची काही चूक नाही. म्हणाली, "काका, तुमची जर्नी सांगा ना, मायनिंग टू हेल्थकेअर, किती इन्स्पायरिंग!" मी उभा राहिलो आणि दहा मिनिटांत काय सांगायचं ते कळेना. दगडाचं सांगू? बत्तीस हजारांचं? शेवटी गर्दीत शांत राहावं वगैरे दोन वाक्यं बोललो, पोरांनी टाळ्या वाजवल्या, समोसा मिळाला.

तिला सांगायचं होतं की बाई, ज्याला मी माझं कौशल्य समजायचो ते तिकडेच राहिलं. मुठीचं. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, ना तेव्हा ना आता. आणि जे इकडे आलं त्याला तिथे कोणी काम म्हणतच नव्हतं, मीसुद्धा नाही. लाईनीतून चालत जाणं ही आमच्यासाठी कटकट होती, दगड चुकवायची युक्ती. त्याचे पैसे मिळत नव्हते. आता त्याचेच मिळतात.

सगळ्यांचं असं झालं नाही. बार्जवरचा एक सारंग आता पणजीत कॅसिनोच्या फीडर बोटीवर आहे, नदी तीच मांडवी, फक्त मातीऐवजी माणसं, आणि तो म्हणतो मातीच बरी होती, ती ओकत नाही. पोकलेनचा मेकॅनिक मोपाला विमानतळाच्या कामावर लागला आणि काम संपल्यावर मशीनबरोबरच परराज्यात गेला. २०१५ला माइन्स परत सुरू झाल्या तेव्हा मलाही बोलावणं आलेलं, मी गेलो नाही, त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, मुलीचं ॲडमिशन म्हापशाला झालेलं आणि परत घरी बसायची भीती. जे गेले ते मला वेडा म्हणाले. २०१८च्या फेब्रुवारीत कोर्टाने खाणींच्या ८८ लीझ रद्द केल्या, मार्चात सगळं परत ठप्प, आणि ते परत घरी. आमचे हेडक्लार्क तेव्हापासून व्हरांड्यात बसून असतात. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं वजन मनातल्या मनात सांगतात असं त्यांची सून म्हणते.

ते दादा परत आले. मोतीबिंदू होता, पट्टी निघाली होती, तपासणीला आले आणि ओपीडी झाल्यावर नंबर नसताना माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. जेवायची सुट्टी होत आलेली, मी बाहेर गेलो. दोघे बाकावर बसलो. काट्यावर यायचा त्या त्यांच्या ट्रकचं काय झालं विचारलं.

"भंगारात दिला," म्हणाले. "एकोणीसला. किती वर्षं उभा ठेवणार? बॉडीत पिंपळ उगवला होता." थोडं थांबून म्हणाले, "माझा टेअर किती होता सांग बघू."

मी नंबर विचारला. त्यांनी शेवटचे चार आकडे सांगितले. आणि शप्पथ सांगतो, मला मुलीचा मोबाईल नंबर पाठ नाही, पण हे तोंडातून आलं, "पाच टन नऊशे वीस."

दादांनी मांडीवर थाप मारली. "बघ! भंगारवाल्याने पाच आठशे धरला. एकशेवीस किलो खाल्ले माझे. मी त्याला सांगत होतो रे, काट्यावर लिहिलेलं आहे म्हणून."

"स्टेपनी काढून ठेवली असेल तुम्ही," मी म्हटलं.

ते इतके हसले की ज्या डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं तोच पुसायला लागले आणि मी त्यांचा हात धरला.

गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. खाणींचा लिलाव होऊन डिचोलीकडचं काम सुरू झालंय ते सगळ्यांना माहीत आहेच, पुढेही खाणींचे ब्लॉक सुरू होतायत, काट्यावर अनुभवी माणूस बघतायत म्हणे, येतोस का? पगार इथल्यापेक्षा बरा सांगितला. मी विचारलं, काटा कसा आहे आता? म्हणाला, सगळं कंप्युटरवर रे, जीपीएस, कॅमेरे, ट्रक चढला की आपोआप नंबर घेतो, आपोआप वजन, चिठ्ठीसुद्धा तूच फाडायची नाही. मग माणूस कशाला हवा, मी म्हटलं. तो जरा थांबला. "लाईन लागते तेव्हा लागतो ना."

मी उद्या सांगतो म्हटलं. त्याला आता सहा दिवस झाले.

रविवारी बायकोला मागे बसवून मासळी आणायला निघालो आणि स्कूटर साखळीला जायची ती सुर्लच्या रस्त्याला वळवली. केबिनचे पत्रे कोणीतरी नेलेत, प्लॅटफॉर्मच्या खड्ड्यात पावसाचं पाणी आणि त्यात म्हैस. कडेला जुन्या स्टॅकचं, म्हणजे मातीच्या ढिगाचं, उरलेलं ढेकूळ आहे, अर्ध्याच्या वर गवत. बायको म्हणाली, "इथे काय?" मी काहीच बोललो नाही. गवताखालची मूठभर माती उचलली, घट्ट दाबली आणि मूठ उघडली. गोळा धरून राहिला, कडेला जरा भेगाळला, तळहात कोरडा. आठ. फार तर साडेआठ.

"साडेआठ," मी मोठ्याने म्हटलं.

"साडेआठ काय, साडेनऊ वाजले," बायको म्हणाली. "बांगडे संपतील, चल." मी हात झटकला. ह्या वेळी खरोखर माती उडाली, तिच्या ड्रेसवर.